कोळसा, कर्ब आणि तंतू

बहुवारिकाच्या धाग्यात कर्बाचे अतिसूक्ष्म कण वा नलिका मिसळून तो बळकट व विद्युत्‌वाहक करण्याच्या विद्येचा इतिहास सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निबंधापासून सांगण्याचा प्रघात आहे. प्रघात सोयीचा खरा. परंतु कल्याण-मुरबाड रस्त्यावरील शहाडचा सेंच्युरी रेयॉन कारखाना लक्षात घेतला, तर प्रारंभ मागे न्यावा लागतो. १९५० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज तंतू निघू लागला. पुढे टायरसाठी लागणारा दोरही. टायरचे रबर दोराने बळावते, तसेच काजळीनेही, आणि त्या काजळीचे मूळ कण सुमारे दहा ते शंभर नॅनोमीटरांचे असतात. 'नॅनो' हा उपसर्ग रूढ होण्यापूर्वीच ही विद्या चाकांवर धावत होती!

नलिकांचा विशेष त्यांच्या लांबीत आहे. काजळीचे कण एकमेकांस टेकून विजेला वाट मिळावी, तर ते पुष्कळ घालावे लागतात. नलिकांची साखळी शेकडा एकाहूनही कमी प्रमाणात जुळू शकते. अडचण अशी की, त्यांच्या गुठळ्या होतात. २००० साली बोर्दो येथील संशोधकांनी साबणासारख्या द्रव्याने त्या पाण्यात विखुरल्या व पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या प्रवाहात सोडून सलग तंतू काढला.

आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त महेश्वर शेरॉन यांच्या गटाने असे कर्बपदार्थ कापरापासून सिद्ध केले. हेच कार्य पुढे ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे चालले. हवा रोखून सेंद्रिय द्रव्य तापवावे, हे त्यातील मूलतत्त्व.

शहापूर-मुरबाडच्या रानांत ठेकेदाराची उचल घेऊन भट्ट्या लावणाऱ्या कातकरी कुटुंबांना हे तत्त्व नवे नव्हते. लाकडे रचून, पाला व माती लिंपून ते कोळसा पाडीत. भेद मुख्यतः तापमानाचा: सुमारे ५०० अंशांखालचा लाकडी कोळसा वीज जवळजवळ अडवितो, ८०० अंशांपलीकडचा वाहू देतो. लॅटिन 'कार्बो' म्हणजे कोळसाच. आपल्या परिभाषाकारांनी मात्र उच्चारास धरून 'कर्ब' घडविला, आणि भट्टी व प्रयोगशाळा यांना जोडणारा शब्दच तुटला. म्हणूनच धुराचा पांढरा रंग निळसर होताच भट्टीची तोंडे बुजविण्याचे ज्ञान आपण रसायनाच्या इतिहासात न नोंदता वनखात्याच्या दप्तरात टाकले.