झेंडू आपला कधी झाला?

दसऱ्याला आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो, पण हे फूल मूळचे मेक्सिकोचे. तिथले अ‍ॅझटेक लोक त्याला ‘वीस फुले’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. वीस म्हणजे पुष्कळ. स्पॅनिश धर्मोपदेशक सहागुन यांच्या १५७७ च्या हस्तलिखितात त्याचे वर्णन आहे. अमेरिकेची सागरी वाट १४९२ मध्ये खुली झाली. म्हणजे झेंडू आपल्याकडे आला तो त्यानंतरच. इथले ऊन त्याला मानवले आणि पाहुणा घरचा झाला.

ते जुने नावही अचूक आहे. झाडावरच सुकलेला झेंडू वर्गात उलगडून पाहू. जिला आपण पाकळी म्हणतो, ते एक स्वतंत्र फूलच असते; तिच्या तळाशी सुईसारखे काळे बी सापडते. ते पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरू, म्हणजे दसऱ्याचे तोरण शाळेच्याच बागेतले होईल.