बेतलेले वस्त्र : यवतमाळचा कापूस, कटपीस आणि शिंपीकला

मराठीत कापड अंगाच्या मापाने कापण्याच्या क्रियेला ‘बेतणे’ म्हणतात आणि एखाद्या कामाच्या पूर्वयोजनेला ‘बेत’ म्हणतात. या दोन शब्दांच्या नात्यात शिंपीकलेचे मर्म सामावलेले आहे, कारण हाती असलेल्या मोजक्या कापडातून शोभिवंत वस्त्र काढण्याचा विचार कात्री चालण्यापूर्वीच पूर्ण व्हावा लागतो. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात या कलेला विशेष अर्थ आहे. येथून रुई बाहेर गेली, कापड होऊन परतली आणि तिला अखेरचा आकार स्थानिक शिंप्याने दिला.

हातमागाच्या काळात कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असे. त्यामुळे अंगरख्याचा घेर ‘कळ्या’ जोडून साधला जाई. कळी म्हणजे एका टोकाला अरुंद व दुसऱ्या टोकाला रुंद असा तुकडा. एकाच आयताकृती पट्टीतून अशा दोन कळ्या उलटसुलट काढल्या की कापड जवळजवळ वाया जात नसे. बगलेत बसवलेल्या छोट्या तुकड्याला ‘चौबगला’ म्हणत, ज्यामुळे हात मोकळेपणी उचलता येई आणि शिवण उसवत नसे. बारा बंदांनी बांधली जाणारी बाराबंदी, शेतकऱ्याची बंडी आणि स्त्रियांचे पोलके ही वस्त्रे याच काटकसरीच्या विद्येतून घडली, आणि उरलेल्या चिंध्यांची गोधडी होई.

1853 मध्ये यवतमाळसह वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटल्यावर वऱ्हाडी कापसाला जागतिक बाजारपेठ मिळाली. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि त्याचे नाव 1905 मध्ये बदलले. येथील कापूस प्रथम बैलगाड्यांनी धामणगाव स्थानकाकडे जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग मुख्यतः कापूसवाहतुकीसाठी उभारला गेला, आणि त्यावरील गाडी ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. सरकी वेगळी करणारे जिनिंगचे आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने निघाले, परंतु सूतकताई व विणकाम यांचे मोठे उत्पन्न मुंबई, नागपूर आणि विलायतेतील गिरण्यांकडेच राहिले.

गिरणीच्या कापडामागोमाग शिलाईयंत्र आले आणि 1930 च्या दशकात देशी यंत्रेही बाजारात उतरल्याने त्याचा प्रसार वाढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा थोड्या कापडात भागवणे ही घराघराची गरज ठरली. याच टंचाईच्या संस्कारात ‘कटपीस’ या व्यवहाराला प्रतिष्ठा मिळाली. तागा म्हणजे गिरणीतून येणारी कापडाची अखंड गुंडाळी. तिच्या शेवटी उरलेला, मापात कमी पडणारा अथवा विणीत किरकोळ दोष असलेला तुकडा म्हणजे कटपीस. तो स्वस्त मिळे, पण त्याचा पोत आणि रंग उंची कापडाचाच असे. म्हणून साध्या उत्पन्नाच्या कुटुंबालाही त्यातून भारदस्त वस्त्र मिळू शके.

या इतिहासाला यवतमाळजवळच्या लोहारा येथे एक लक्षणीय वळण मिळाले. ‘आईन-इ-अकबरी’त यवतमाळचा परगणा यवत-लोहारा या जोडनावाने येतो, आणि त्याच लोहाऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात 1996 मध्ये रेमंड समूहाची डेनिम गिरणी सुरू झाली; 2006 मध्ये ती बेल्जियमच्या युको कंपनीबरोबरच्या भागीदारीत गेली. डेनिम हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड असून त्याचा उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा धागा पांढरा असतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नसल्याने ते वापराने हळूहळू फिकट होते.

डेनिमसारख्या उंची कापडाच्या स्वस्त कटपीसमधून एक देखणा पोशाख आणि त्यावर शोभणारी जाकिटे शिवायची झाल्यास जुन्या बेतण्याचेच नियम लागू पडतात. कापड आधी भिजवून वाळवावे लागते, कारण सुती कापड आटते. निळीची छटा लागोपाठच्या ताग्यांत बदलते, म्हणून एका पोशाखाचे सर्व तुकडे दिवसाच्या उजेडात जुळवून पाहावे लागतात. पुढील व मागील भाग, घेराच्या कळ्या असे मोठे तुकडे आधी मांडायचे आणि उरलेल्यातून जाकिटाची गळपट्टी, खिसे व पट्ट्या काढायच्या. कापड अपुरे पडल्यास जोड लपवण्याऐवजी त्यालाच नक्षी मानून दुहेरी टीप घालायची. जाकिटाच्या आतील पट्टीसाठी आणि अस्तरासाठी हलके सुती कापड वापरले की वस्त्र अंगावर बसते आणि वजनही वाढत नाही. कमी पन्ह्याच्या कापडातून कळ्या काढणाऱ्या शिंप्यापासून आजच्या शिवणवर्गातील विद्यार्थिनीपर्यंत चालत आलेली परंपरा ती हीच.

तयार कपड्यांच्या बाजारात हे कौशल्य हिशेबाबाहेर राहिले, ही या इतिहासातील खेदाची बाजू आहे. कापसाच्या भावाची चर्चा होते, गिरणीच्या उत्पादनाची नोंद राहते. पण दोन्हींच्या शेवटी उभ्या असलेल्या, तुकड्यातून वस्त्र घडवणाऱ्या हाताची नोंद फारशी होत नाही. यवतमाळच्या कापसाचा इतिहास शिंप्याच्या मापपट्टीपर्यंत पोचल्याखेरीज पूर्ण होत नाही, आणि जुन्या कारागिरांच्या बेतण्याच्या पद्धती त्यांच्या हयातीतच लिहून ठेवणे हे जिल्ह्याचे कर्तव्य आहे.