उसनी आठवण

12 ऑक्टोबर 1960. टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा बोलत होते. समोर उजव्या गटांचा आरडाओरडा चालला होता. अचानक विद्यार्थ्याच्या गणवेशातला एक मुलगा मंचावर धावला आणि त्याने आखूड तलवार असानुमांच्या अंगात खुपसली. यासुशी नागाओंच्या छायाचित्रात तो पुन्हा वार करायच्या पवित्र्यात दिसतो. त्या छायाचित्राला पुढे पुलित्झर मिळालं. मुलाचं नाव ओतोया यामागुची, वय 17.

माझं लक्ष तलवारीपेक्षा त्याच्या जन्मसालाकडे जातं: 1943. जपान शरण गेला तेव्हा हा अडीच वर्षांचा होता. ज्या साम्राज्यासाठी तो पेटला, ते त्याला आठवणंच शक्य नव्हतं. आठवण होती ती थोरल्यांकडून घेतलेली. मोठ्या भावाच्या प्रभावाने तो या वाटेला लागला आणि सोळाव्या वर्षी बिन आकाओंच्या 'महान जपान देशभक्त पक्षा'त शिरला. (या देशभक्तांच्या प्रचारगाडीवर अमेरिकेचाही झेंडा असे! कम्युनिस्टांचा द्वेष इतका, की ज्याने हरवलं तोच सोयरा.)

1959 साली असानुमांनी चीनमध्ये अमेरिकी साम्राज्यवादाला दोन्ही देशांचा समान शत्रू म्हटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले. क्रांती दाराशी आली, असं उजव्यांना वाटू लागलं. यामागुचीच्या मारामाऱ्या, अटका, सुटका चालूच होत्या. अखेर पक्षही त्याला पुरेसा कडवा वाटेना. मे अखेरीस त्याने तो सोडला.

हे कृत्य आपलं एकट्याचं, असं त्याने पोलिसांना सांगितलं. हुकुमापुरतं ते मला पटतं. पण 2 नोव्हेंबरला बालगुन्हेगारांच्या कोठडीत आत्महत्या करण्यापूर्वी त्याने भिंतीवर टूथपेस्टने काय लिहिलं? देशासाठी सात जन्म, सम्राटांचा जयजयकार. हे सात जन्म चौदाव्या शतकातल्या कुसुनोकी मासाशिगेच्या दंतकथेतले, युद्धकाळात घोषणा म्हणून घोटवलेले. शेवटचे शब्दसुद्धा त्याचे नव्हते.

उजव्या संघटनांनी त्याला हुतात्मा केलं. केंझाबुरो ओए यांनी मात्र 1961 मध्ये अशाच एका एकाकी, न्यूनगंडाने पछाडलेल्या मुलावर दोन भागांत कथा लिहिली. धमक्या आल्या, मासिकाने माफी मागितली. दुसरा भाग जपानमध्ये पुस्तकात यायला 2018 उजाडलं.