गुरू, ज्युपिटर आणि बटुग्रह

नाशिककराला 'सिंहस्थ' हा शब्द शिकवावा लागत नाही. रामकुंड, साधूंचे आखाडे, गर्दी, बंद केलेले रस्ते... सगळं त्यात आलं. पण हा मुळात आकाशाचा शब्द आहे, हे कितीजणांच्या लक्षात येतं? गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात, म्हणून आपला मेळा साधारण बारा वर्षांनी. 2003 साली झाला, 2015 साली झाला. अख्खं गाव एका ग्रहाच्या घड्याळावर चालतं, आणि आमच्या घरातली इंग्रजी शाळेत जाणारी पोरं मात्र 'ज्युपिटर' वेगळा आणि 'गुरू' वेगळा समजतात! एक विज्ञानाच्या पुस्तकातला, दुसरा आजीच्या पंचांगातला.

खरं तर 'ग्रह' ह्या शब्दाचाच इतिहास मोठा मजेशीर आहे. नवग्रहांच्या देवळात जाऊन मूर्ती मोजा. रवी आहे, चंद्र आहे, राहू-केतूही आहेत. पृथ्वी मात्र नाही. बरोबरच आहे, जिच्यावर उभं राहून आकाश बघायचं ती आकाशात कशी दिसणार? 1543 साली कोपर्निकसचं पुस्तक आलं, त्यात सूर्य मधोमध बसला आणि हळूहळू सगळी मांडणी फिरली. सूर्य झाला तारा, चंद्र झाला उपग्रह, पृथ्वी ग्रहांच्या रांगेत आली. राहू-केतू हे तर चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. शब्द तोच राहिला, पोटातला अर्थ पार बदलला.

मग 1781 साली हर्शेलने युरेनस शोधला. आपल्या ज्योतिषांनी शोधणाऱ्याचंच नाव त्या ग्रहाला देऊन टाकलं, 'हर्शल'! आणि 24 ऑगस्ट 2006 ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ग्रहाची व्याख्या ठरवली, त्यात प्लूटो बाहेर पडला. मराठीत त्याला शब्द मिळाला 'बटुग्रह'. मला हा शब्द फार आवडतो. मुंजीतला बटू ज्याने पाहिलाय त्या पोराला वेगळं काही समजवावं लागत नाही.

सगळेच शब्द असे नशीबवान नसतात. भूगोलातले परिवलन आणि परिभ्रमण घ्या. पिढ्यान्‌पिढ्या मुलं परीक्षेत ह्यांची अदलाबदल करत आली आहेत. मी भाच्याला सांगितलं, परिवलन म्हणजे गिरकी आणि परिभ्रमण म्हणजे प्रदक्षिणा. श्रावणात लोक ब्रह्मगिरीला घालतात ना, तशी पृथ्वी सूर्याला घालते. तो म्हणाला, "मामा, मग पुस्तकात असंच का नाही लिहीत?" आता काय सांगणार!

असं लिहिणारे होते मात्र. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1890 च्या दशकात सामान्य वाचकांसाठी आकाशावर पुस्तक लिहिलं, 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. जेवणं झाल्यावर अंगणात बसून बघायचं आकाश! 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला 'मौज' हा शब्द कमीपणाचा वाटला नाही.

आणि जयंत नारळीकर. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बघा, गंमत कळेल. तिला पहिलं बक्षीस मिळालं. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत ह्याची चुटपुट लागली, आणि 20 मे 2025 ला ते गेल्यावर ती कायमचीच राहिली.

मुलांनी इंग्रजी शब्द शिकू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. जरूर शिकावेत. पण दोन शब्दांमधली गाठ आपण मारून दिली नाही, तर आजीचं आकाश आणि शाळेचं आकाश अशी दोन आकाशं घेऊन ती मोठी होतील, आणि त्यातलं आजीचं आधी पुसलं जाईल. त्याला खर्च काहीच नाही. रात्री गच्चीवर न्यायचं, तो ठळक, न लुकलुकणारा ठिपका दाखवायचा आणि दोन्ही नावं सांगायची. दोन घटका पुरतात.