लांब उडी, एक गोष्ट आणि बर्लिनमधले वऱ्हाड

बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत माझे शिक्षण झाले, तिथल्या परिपाठात वर्षातून एकदा तरी जेसी ओवेन्सची गोष्ट येई. बर्लिन, १९३६ चे ऑलिंपिक. लांब उडीच्या पात्रता फेरीत ओवेन्सच्या दोन उड्या बाद होतात. एकच संधी उरते. तेव्हा त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी लुझ लाँग जवळ येतो आणि सांगतो, फळीच्या वीतभर अलीकडूनच झेप घे, पात्र ठरायला तेवढी उडी पुरेल. ओवेन्स तसे करतो, पात्र ठरतो आणि हिटलरच्या डोळ्यांदेखत सुवर्णपदक जिंकतो. गोष्ट संपली की गुरुजी क्षणभर थांबत. पुढे शिकवू लागल्यावर मीही ती सांगितली आणि त्याच जागी थांबलो.

लांब उडी हा वास्तविक गोष्टींना फारसा वाव न देणारा खेळ आहे. पाय फळीच्या पुढे पडला की उडी बाद. वाळूतला जो ठसा फळीला सर्वांत जवळचा, तिथपर्यंतच अंतर मोजायचे, मग तो हाताचा का असेना. खुल्या मैदानावर वाऱ्याचाही हिशेब ठेवतात; पाठीशी सेकंदाला दोन मीटरहून अधिक वारा असेल तर विक्रम मान्य होत नाही. बंदिस्त सभागृहातल्या स्पर्धेत तर तीही सबब उरत नाही. कार्ल लुइसने २७ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या सभागृहात मारलेली ८.७९ मीटरची उडी चार दशके अबाधित राहिली. २०२३ साली अस्तानाच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत आपल्या जेस्विन ऑल्ड्रिनला ७.९७ मीटरवर रौप्यपदक मिळाले. आकडा, पदक, संपले. अशा कोरड्या खेळाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही.

कारण ती बहुधा घडलेलीच नाही. ऑलिंपिकचे अभ्यासक टॉम एकर यांनी १९६५ साली ओवेन्सलाच याविषयी विचारले. स्पर्धा संपेपर्यंत आपली आणि लाँगची भेट झालीच नव्हती, असे तेव्हा त्याने मान्य केल्याचे एकर यांनी लिहून ठेवले आहे. खात्रीने सांगता येते ते एवढे: ४ ऑगस्ट १९३६ रोजी ओवेन्स ८.०६ मीटर, लाँग ७.८७ मीटर आणि जपानचा नाओतो ताजिमा ७.७४ मीटर उडाला. ओवेन्सचे अभिनंदन करायला लाँग सर्वांत आधी पुढे आला. गवतावर शेजारी शेजारी पहुडलेल्या त्या दोघांचे छायाचित्र उपलब्ध आहे. लाँग १९४३ च्या जुलैमध्ये सिसिलीत लढताना मारला गेला. युद्धानंतर ओवेन्स त्याच्या मुलाला भेटला. मैत्री खरी होती, सल्ला नव्हता.

हिटलरने हस्तांदोलन नाकारल्याची दुसरी गोष्टही अशीच. पहिल्या दिवशी त्याने काही निवडक विजेत्यांचे अभिनंदन केले. आंतरराष्ट्रीय समितीच्या अध्यक्षांनी सर्वांचे करा किंवा कुणाचेच करू नका असे बजावल्यावर त्याने ते जाहीरपणे करणे थांबवले. ओवेन्सचे पहिले पदक त्यानंतरचे.

म्हणून ओवेन्सला खोटा ठरवावे काय? मला तसे वाटत नाही. चार सुवर्णपदके घेऊन मायदेशी परतलेल्या या माणसाची हौशी खेळाडू म्हणूनची मान्यता काही दिवसांतच काढून घेण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो हवानात पैशांसाठी घोड्याशी शर्यत लावून धावला. पुढे व्याख्याने हा त्याच्या चरितार्थाचा एक आधार झाला. श्रोत्यांना जी गोष्ट ऐकायची असते ती वक्त्याच्या तोंडी हळूहळू आकार घेते. लोककथेच्या अभ्यासकांना हे नव्याने सांगायला नको. आम्ही शिक्षकांनी ती पुढे चालवली, एवढेच.

मला टोचते ते वेगळेच. या गोष्टीत एक अमेरिकन आहे, एक जर्मन आहे. भारताचे म्हणून फार तर ध्यानचंद यांचा हॉकी संघ आठवतो, ज्याने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. पण त्या बर्लिनमध्ये आमचे वऱ्हाडही होते. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे जुन्या वऱ्हाडचे चार जिल्हे. त्यांपैकी अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेले. कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने तिथे दाखवली. ज्याला आपल्या आजोबांची पिढी हुतुतू म्हणे, तो खेळ युरोपीय प्रेक्षकांसमोर वऱ्हाडी मुले खेळली. आमच्या परिपाठात हे कधी आले नाही.

आता हीच हकीकत सांगताना ‘१९३६ च्या ऑलिंपिकमध्ये कबड्डी होती’ असे सर्रास लिहिले जाते. तेही तपासून घ्यावे. त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच, बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीकरांचा कार्यक्रम त्यांत मोडत नाही. म्हणजे आपलीही गोष्ट फुगू लागलीच आहे.

शिवाय हे नुसते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे आदल्याच वर्षी झाले होते. शिस्तबद्ध, बलदंड शरीरांचे ते देशव्यापी प्रदर्शन पाहून पारतंत्र्यातल्या आखाड्यातून आलेल्या तरुणांना काय वाटले असेल? स्वराज्यासाठी देह कमावायचा, ही त्या काळच्या व्यायामशाळांची प्रेरणा होती. त्या नजरेला जर्मनीत कौतुकाचे बरेच काही दिसले असणार, हे मान्य करायला आपण कचरतो. ओवेन्स आणि लाँगच्या गोष्टीत हा पेच नाही. तिथे खलनायक प्रेक्षागृहात बसलेला असतो आणि मैदानावरचे सगळे चांगले असतात. कदाचित म्हणूनच ती आम्हाला सोयीची वाटली.

गेल्या वर्षी वर्गात मी ही हकीकत तिच्या सगळ्या आकड्यांसकट सांगितली, अमरावतीसह. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, मग त्या जर्मनाने त्याला काहीच सांगितलं नव्हतं?’ बहुधा नाही, मी म्हणालो. तो हिरमुसला. त्याच्या शेजारच्या मुलीने मात्र अमरावतीहून बर्लिनला तेव्हा कसे जात असत, असे विचारले आणि उरलेला तास आम्ही नकाशावर मुंबई बंदर आणि सुएझ कालवा शोधण्यात घालवला.