तूप-तेलाचा शेर : वजनी व कैली

मराठी मुलखातील मोजमापांच्या इतिहासात ‘शेर’ हा शब्द दोन पद्धतींत एकाच वेळी वावरलेला दिसतो. वजनाच्या कोष्टकात चाळीस शेरांचा मण होई. धान्याच्या मापात दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली व सोळा पायल्यांचा मण अशी चढण होती. म्हणजे एक मण ४० शेरांचा, तर दुसरा ६४ शेरांचा. हा घोटाळा टाळण्यासाठीच मोडी कागदपत्रांतून ‘वजनी’ आणि ‘कैली’ ही विशेषणे योजिली जात. दोन्ही शब्द मूळचे अरबी असून पहिला तोलाचा, दुसरा मापाचा निदर्शक होय.

धान्य बहुधा मापाने व गूळ तोलाने जाई, म्हणून विशेषण गळाले तरी व्यवहार अडत नसे. तूप आणि तेल यांची गोष्ट निराळी. हे पदार्थ भांड्याने मोजावयाचे, परंतु त्या भांड्यांना नावे मिळाली ती वजनाची : पावशेर, अदपाव, नवटाक. ‘नवटाक’ म्हणजे मुळात नऊ टांक, ७२ टांकांच्या शेराचा अष्टमांश. ‘छटाक’ म्हणजे सहा टांक. तो शेराचा षोडशांश मानला तर शेर ९६ टांकांचा ठरतो. दोन शब्दांमागे दोन निरनिराळे शेर उभे आहेत. बोलणाऱ्याला मात्र दोहोंचेही भान राहिले नाही. पुढे ‘नवटाक’ हा शब्द दारूच्या मापालाही लागला, इतका तो तोलापासून सुटला होता.

या विस्मरणाची किंमत किती, हे वऱ्हाडातील चिखलीसारख्या बाजारगावाच्या संदर्भात पाहता येते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्या काळी जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा हे चिखली तालुक्यातच मोडत असे, आणि तालुक्याच्या दक्षिणेस निजामाची हद्द होती. १९३९ च्या कायद्याने प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा ठरविला. आता ८० तोळे पाणी मावेल असे भांडे घेतले, तर त्यात पातळ तूप सुमारे ७३ तोळेच मावते. कारण तुपाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९१ पट आहे. पुरा वजनी शेर तूप मावण्यास भांडे ८८ तोळे पाण्याचे हवे. हिवाळ्यात रवाळ तूप भांड्यात भरले, तर मधल्या पोकळ्यांमुळे आणखी घट येते. शेरामागे सात तोळे कोणाच्या पदरी पडत, हे ‘शेर’ शब्दाचा अर्थ कोण ठरवितो यावर अवलंबून असे. ‘मापात पाप’ या म्हणीस येथे भाषिक कारणही आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दशमान मापांचा कायदा झाला; १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात येऊ लागली. किलोग्रॅम आणि लिटर अशी दोन स्वतंत्र नावे मिळाल्याने जुनी संदिग्धता निदान कायद्यात तरी मिटली. स्वयंपाकघरात ती मिटली नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजविले, पण नानकटाईसाठी २०० मिलिलिटरची वाटी तूप म्हणजे २०० ग्रॅम नव्हे, सुमारे १८० ग्रॅम. तीच वाटी मैद्याने भरली तर वजन याहून पुष्कळच कमी भरते. वाटीचे प्रमाण तोलात नेताना प्रत्येक पदार्थाचा गुणक निराळा घ्यावा लागतो. एकच गुणक लावला, तर नानकटाई कधी पसरते, कधी कोरडी पडते.

तेल उष्णतेने प्रसरण पावते, म्हणून लिटरमागील त्याचे वजनही तापमानानुसार बदलते. २०२२ मध्ये केंद्र शासनाने खाद्यतेलाच्या वेष्टनावर आकारमानासोबत वजनही, तापमानाचा उल्लेख न करता, छापण्याची सूचना उत्पादकांना दिली. मोडी लेखनिक ‘वजनी’ आणि ‘कैली’ या दोन शब्दांनी जे साधत, तेच आज वेष्टनावरील दोन आकड्यांनी साधावे लागते. राशीच्या नावासोबत मोजण्याची रीत सांगितल्याखेरीज ती राशी पुरी सांगितली असे होत नाही, हाच त्या विस्मृत विशेषणांचा बोध होय.