५४ दिवसांची पायपीट

३ डिसेंबर जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून संत फ्रान्सिस झेवियर यांचे स्मरण सुरू होते. जुन्या गोव्याची यात्रा करून आलेली वडीलधारी मंडळी आपल्याकडे घरोघर आहेत. हाती क्रूस घेतलेल्या या संताची तसबीर आपण लहानपणापासून पाहत आलो. पण हा महापुरुष भारताच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी पॅरिस विद्यापीठात मास्तर होता, आणि अनोळखी मुलखात पाऊल टाकण्याचा धडा त्याने विद्यापीठातील सोबत्यांच्या एका लहानशा मेळ्यात गिरवला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या प्रवासाची हकीकत येथे सांगावी असा आमचा मानस आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म १५०६ सालचा, नवार या छोट्या राज्यातला. ते सहा वर्षांचे असताना कास्तीलच्या फौजेने नवार जिंकले. त्यांचे थोरले बंधू पुढे स्पेनविरुद्ध लढले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात त्याच स्पेनच्या बाजूने लढताना एका सरदाराच्या पायावर तोफगोळा आदळला. तो सरदार म्हणजे इग्नेशियस लोयोला. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन बाजूंची ही माणसे १५२९ साली पॅरिसच्या सँत बार्ब विद्यालयात एका खोलीत राहू लागली. त्या खोलीत तिसरे होते पीटर फेबर, सव्हॉय प्रांतातील शेतकऱ्याचे पुत्र. १५३० साली फ्रान्सिस व फेबर एकाच वेळी पदवीधर झाले आणि फ्रान्सिस बोव्हे विद्यालयात ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवरील चॅपेलमध्ये या मित्रांनी पवित्र भूमीला जाण्याचा नवस केला. पुढे आणखी तिघे येऊन मिळाले. इग्नेशियस आधीच निघून व्हेनिसला वाट पाहत राहिले होते. उरलेल्या नऊ जणांनी शिक्षण संपवून १५३७ च्या जानेवारीअखेर पॅरिस सोडावे असा बेत होता.

तो बेत युद्धाने बदलला. १५३६ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि स्पेनचा राजा असलेला सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात पुन्हा लढाई जुंपली. फ्रेंच सैन्याने सव्हॉय व्यापले. सम्राटाच्या फौजा दक्षिण फ्रान्समध्ये घुसल्या. इटलीकडे जाणारी जवळची वाट बंद झाली. पॅरिसमधील स्पॅनिश विद्यार्थ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. आता हे नऊ जण कोण होते ते पाहा. लायनेझ, साल्मेरॉन, बोबादिला हे स्पॅनिश. फ्रान्सिस नवारचे, म्हणजे कागदोपत्री स्पेनचेच प्रजाजन. रॉड्रिग्ज पोर्तुगीज. फेबर आणि जे हे दोघे सव्हॉयचे, तर कोदूर व ब्रोए हे फ्रेंच. लढणाऱ्या दोन्ही बाजू या नऊ जणांत होत्या. तरीही एकत्रच जायचे असे ठरले, आणि १५ नोव्हेंबर १५३६ रोजी, ठरल्या दिवसाच्या दोन महिने आधी, प्रस्थान झाले.

अंगात विद्यार्थ्यांचा लांब जाडाभरडा झगा, डोक्यावर टोपी, हातात काठी, गळ्यात उघडी दिसणारी जपमाळ, आणि खांद्यावरच्या पिशवीत पवित्र शास्त्र व अभ्यासाची टिपणे, एवढाच सरंजाम. सुरक्षित वाट लांबची होती. ईशान्येकडे लॉरेनमध्ये शिरून, जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातून आणि आल्प्स ओलांडून व्हेनिसला उतरायचे होते. फ्रान्सच्या हद्दीत रोज पाऊस पडला आणि पुढे जर्मन मुलखात हिमवर्षाव. त्या चिखलातून नऊ जण चालत होते.

मेळ्याला नेमलेला पुढारी नव्हता. धर्मगुरू असलेले फेबर यांचा शब्द सगळे मानीत. पण अडचण आली की सर्वांनी विचार करायचा व बहुमताने ठरेल ते पाळायचे, असा रिवाज होता. तिघे धर्मगुरू होते. ते रोज मिस्सा अर्पण करीत आणि बाकीचे ख्रिस्तप्रसाद स्वीकारून वाटेला लागत.

खरी कसोटी शिपायांच्या चौक्यांवर लागे. तेथे एक साधी युक्ती ठरलेली होती. फ्रेंच शिपायांनी हटकले की फ्रेंच बोलणाऱ्यांनी पुढे व्हायचे, इतरांनी तोंड उघडायचे नाही. उत्तर एकच : "आम्ही पॅरिसचे विद्यार्थी." लॉरेनमध्ये संत निकोलस यांचे प्रसिद्ध यात्रास्थान आहे, तिकडे आम्ही निघालो आहोत, असेही ते सांगत, आणि ते खोटे नव्हते, कारण ते स्थान वाटेवरच होते. सम्राटाच्या अमलाखालील प्रदेश लागला की स्पॅनिश सोबत्यांनी पुढे यायचे. वर्गात तासन्‌तास व्याख्यान देणारे मास्तर फ्रान्सिस फ्रेंच चौकीवर मुकाट्याने मागे उभे राहत. आपल्या जिभेवरील स्वर ऐकू आला तर आपल्यासोबत इतर आठ जणही अडकतील, हे ते जाणत होते. विद्वत्तेची सवय असलेल्या माणसाला गप्प राहणे किती जड जात असेल, याची कल्पना शिक्षकी पेशातील आमच्या वाचकांना सहज येईल.

जर्मन मुलखात तर बोलणेच खुंटले. नऊ जणांपैकी कोणालाही ती भाषा येत नव्हती. शिकलेला माणूस भेटला तर लॅटिन चाले, एरवी हातवारे. बाझल शहरात तीन दिवस विसावा घेऊन ते कॉन्स्टन्सकडे निघाले आणि रस्ता चुकले. तो मुलूख प्रॉटेस्टंट झाला होता; गळ्यातल्या जपमाळा पाहून कोणी कुतूहल दाखवी, कोणी राग. एका गावी पूर्वी धर्मगुरू असलेल्या एका पंडिताशी त्यांचा वाद जुंपला. तो तासन्‌तास चालला, शब्दाने शब्द वाढला, आणि चिडलेल्या पंडिताने त्यांना तुरुंग दाखवण्याची भाषा केली. पहाटे गावातल्याच एका अनोळखी माणसाने येऊन त्यांना बाहेर जाणारी वाट दाखवली. त्या माणसाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तो कोणत्या पंथाचा होता हेही कोणी लिहून ठेवले नाही. वादात जिंकण्याची हौस किती महागात पडू शकते, हे या विद्यार्थ्यांना त्या रात्री समजले असावे असे आम्हांस वाटते.

आगमनकाळ वाटेत सुरू झाला, नाताळही वाटेतच सरला. ८ जानेवारी १५३७ रोजी, ५४ व्या दिवशी, नऊच्या नऊ जण व्हेनिसला सुखरूप पोहोचले आणि इग्नेशियस यांना भेटले.

पवित्र भूमीकडे जाणाऱ्या जहाजांना अजून काही महिने अवकाश होता. विद्यापीठाच्या या पदवीधरांनी परक्या शहरातले पहिले दिवस कसे घालवावेत? त्यांनी दोन गट केले आणि ते शहरातील दोन रुग्णालयांत सेवेला लागले. खाटा लावणे, भांडी घासणे, मलमूत्र काढणे, मेलेल्यांसाठी खड्डे खणणे, अशी ती कामे होती. फ्रान्सिस यांच्या वाट्याला असाध्य रोग्यांचे रुग्णालय आले. तेथे मुख्यतः उपदंशाचे रोगी असत. त्या रोगाला इटलीत 'फ्रेंच रोग' म्हणत आणि फ्रान्समध्ये 'नेपल्सचा रोग'. आजाराचा दोषदेखील शेजारच्या देशावर ढकलण्याचा तो काळ होता. दोन महिने त्या खाटांपाशी फ्रेंच, स्पॅनिश व पोर्तुगीज हात एकत्र राबले.

पवित्र भूमीची वारी घडली नाही. त्याच वर्षी व्हेनिसचे तुर्कांशी युद्ध पेटले आणि जहाजे थांबली. या दहा जणांतून येशूसंघ उभा राहिला. त्याला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली २७ सप्टेंबर १५४० रोजी. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्याला उतरले. त्यांनी मुक्काम केला तो तेथील रुग्णालयात. व्हेनिसला गिरवलेला धडा त्यांनी येथे पहिल्या दिवसापासून चालू ठेवला. पुढे १५४८ साली ते आपल्या वसईतही येऊन गेले.

त्यानंतरची सारी वर्षे त्यांनी सोबत्यांपासून दूर काढली. १५४६ च्या मे महिन्यात, अंबोन बेटावरून युरोपातील बंधूंना पाठवलेल्या पत्रात, ते एक लहानशी गोष्ट सांगतात. सोबत्यांच्या पत्रांवरील त्यांच्या हस्ताक्षरातली नावे त्यांनी कापून घेतली होती, आणि आपल्या व्रताच्या कागदासह ती ते सदैव जवळ बाळगीत. त्याच वर्षी १ ऑगस्टला फेबर रोममध्ये वारले. (पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली त्यांना संत म्हणून जाहीर केले.)

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली शिक्षणासाठी परदेशी जातात. निघण्यापूर्वी आईवडील कपडे, औषधे, मसाल्याच्या पुड्या बांधून देतात; ते योग्यच आहे. त्यासोबत या नऊ विद्यार्थ्यांची गोष्टही त्यांना सांगावी. परक्या गावात सोबत्यासाठी कधी बोलावे लागते, कधी गप्प राहावे लागते, आणि हाताला पडेल ते काम करावे लागते. मास्तर फ्रान्सिस हे सारे पॅरिस ते व्हेनिसच्या वाटेवर शिकले, आणि त्यानंतरच आपल्याकडे आले.